६१ सामने, ४ ट्राय: रग्बीतला फॉरवर्ड नक्की करतो काय?

आकडे बघून खेळाडू जोखायची सवय आपल्याला क्रिकेटने लावली. सरासरी किती, शतकं किती, विकेटी किती, झाला हिशोब. त्याच सवयीने एका माणसाची कारकीर्द बघा. स्कॉटलंडकडून ६१ आंतरराष्ट्रीय रग्बी सामने, १९९० ते २००० अशी दहा वर्षं, आणि एवढ्यात मिळून ४ ट्राय. ट्राय म्हणजे चेंडू समोरच्या संघाच्या रेषेपलीकडे नेऊन जमिनीला टेकवणं. आजच्या नियमाने एका ट्रायचे पाच गुण. पंधरा-सोळा सामन्यांतून एकदा हे जमणाऱ्या माणसाला दहा वर्षं संघात कोण ठेवेल?

ठेवला, कारण ट्राय करणं हे त्याचं काम नव्हतंच. काम वेगळं होतं आणि ते धावफलकावर दिसत नाही. मीही टीव्हीवर रग्बी बघायला लागलो तेव्हा डोळे चेंडूमागे पळायचे. कोपऱ्यातून सुसाट सुटणारा गडी तेवढा खेळाडू, आणि मधे चिखलात जो आठ-आठ दांडग्यांचा ढीग पडलेला असतो तो म्हणजे व्यत्यय, असं वाटायचं. खेळ त्या ढिगात असतो हे कळायला फार उशीर लागला.

या माणसाचं नाव जॉर्ज विअर. स्कॉटलंडमध्ये जॉर्जचं लाडाचं रूप डॉडी, म्हणून जगाला तो डॉडी विअर. (आडनावाचा उच्चार खरं तर 'वीर'च्या जास्त जवळचा आहे. पण मराठीत 'डॉडी वीर' लिहिलं की लेख सुरू व्हायच्या आधीच निकाल लागतो. म्हणून 'विअर'.) उंची सहा फूट सहा इंच. जागा दुसऱ्या फळीत, तिला 'लॉक' म्हणतात. पाठीवर बहुतेक वेळा ५ नंबर. हा पाचचा आकडा पुढे लागणार आहे.

रग्बी समजून घ्यायची तर एक नियम आधी पक्का करावा लागतो. हातातला चेंडू पुढे फेकता येत नाही. बाजूला द्या, मागे द्या, पुढे नाही. पुढे न्यायचा असेल तर स्वतः घेऊन घुसा, नाहीतर लाथ मारून उडवा. या एका नियमातून सगळा खेळ निघतो. चेंडू घेऊन घुसणाऱ्याला समोरचे आडवा पाडतात. पडला की त्याला चेंडू सोडावा लागतो. सोडलेल्या चेंडूवर दोन्ही संघ तुटून पडतात. म्हणजे ८० मिनिटांत एकच प्रश्न शेकडो वेळा विचारला जातो: आता चेंडू कोणाचा?

पंधरा जणांच्या संघातले आठ जण याच प्रश्नाचं उत्तर द्यायला असतात. ते फॉरवर्ड. उरलेले सात बॅक, मिळालेला चेंडू घेऊन पळणारे. रग्बीत एक जुनी म्हण आहे, की सामना कोण जिंकणार हे फॉरवर्ड ठरवतात आणि किती फरकाने हे बॅक. अर्थात ही म्हण फॉरवर्डांनीच काढली असणार.

चेंडू मिळवायच्या जागा मुख्यतः तीन. पहिली म्हणजे पाडापाडीनंतरची झुंबड, तिला 'रक' म्हणतात. दुसरी 'स्क्रम'. किरकोळ चूक झाली की पंच स्क्रम देतात. दोन्हीकडचे आठ-आठ फॉरवर्ड तीन फळ्यांत एकमेकांत गुंततात आणि डोकी खाली घालून समोरासमोर भिडतात. मधल्या बोगद्यात चेंडू टाकला जातो, आणि जो गठ्ठा जास्त रेटतो त्याचा तो. पहिल्या फळीत तिघे असतात, त्यांच्या मानांवर समोरचं सगळं वजन येतं. दुसऱ्या फळीतले दोघे म्हणजे लॉक. ते आपली डोकी पहिल्या फळीतल्यांच्या कमरांच्या मधल्या फटीत घालतात आणि मागून रेटतात. इंजिन तिथे असतं. पण त्यांना समोरचं काही दिसत नाही. डोकं दोन मांड्यांच्या बेचक्यात, कान दोन्ही बाजूंनी रगडले जातायत, आणि करायचं एकच, पाय रोवून ढकलत राहायचं. लॉक मंडळी डोक्याभोवती चिकटपट्टी गुंडाळतात ती यासाठीच. नाही गुंडाळली तर कानात रक्त साकळतं, आणि कान कायमचा गड्डा होऊन बसतो, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा.

तिसरी जागा 'लाइनआउट', आणि विअरची कारकीर्द समजायची तर इथे थोडं थांबावं लागेल.

चेंडू बाजूच्या रेषेबाहेर गेला की दोन्ही संघांचे फॉरवर्ड त्या रेषेशी काटकोनात दोन समांतर रांगा करून उभे राहतात. मधे एक मीटरची गल्ली. बाहेरून एक जण त्या गल्लीत सरळ चेंडू फेकतो, आणि रांगेतल्या कोणीतरी उडी मारून तो हवेत पकडायचा. नियमाप्रमाणे चेंडू गल्लीच्या मधोमध यायला हवा, म्हणजे कागदावर दोघांनाही संधी सारखी. तरी फेकणारा संघ बहुतेक वेळा आपलाच चेंडू राखतो. कसा? चेंडू कुठे आणि कधी येणार हे त्यालाच ठाऊक असतं. फेकीआधी कोणीतरी सांकेतिक आकडे किंवा शब्द ओरडतो: पुढचा उडणार, मधला उडणार, की मागचा. समोरचे ते ऐकत असतात, फोडायचा प्रयत्न करत असतात. उडी मारणाऱ्याला चेंडू सुटण्याआधी हवेत असावं लागतं. अर्धा सेकंद उशीर झाला तर चेंडू डोक्यावरून जातो, लवकर उडाला तर तो खाली येत असताना चेंडू वर जातो.

आज लाइनआउटमध्ये दोघे जण उडणाऱ्याला मांड्यांना धरून वर फेकतात आणि तोलून धरतात. दहीहंडीचा एकच थर, पण डोळ्याचं पातं लवतं तेवढ्यात रचलेला. विअरने सुरुवात केली तेव्हा असं उचलायला परवानगी नव्हती. स्वतःच्या पायांवर उडायचं, आणि ते करताना समोरच्याचं कोपर बरगड्यांत, हात जर्सीत, खांद्याने ढकलाढकली हे सगळं धरूनच चालायचं. नव्वदच्या दशकात नियम बदलत गेले आणि आधार देणं रीतसर झालं. म्हणजे या एका माणसाने एकाच कारकिर्दीत दोन प्रकारचे लाइनआउट खेळले. एक उंचीचा आणि धक्काबुक्कीचा, दुसरा कवायतीचा आणि वेळेच्या हिशोबाचा. आपल्या ओळखीची तुलना द्यायची तर, कारकिर्दीच्या मध्यावर मातीवरून मॅटवर आलेल्या कबड्डीपटूसारखं.

त्याच्या उंच, हातापायांनी मोकळ्या शरीराला लाइनआउट शोभायचा. चेंडू घेऊन पळायला लागला की मात्र गुडघे, कोपरं आणि मान सगळीकडे. बिल मॅक्लारेन हे स्कॉटिश रग्बीचे आवाज, हॉइक गावचे, मूळचे शाळेतले व्यायामशिक्षक. त्यांनी समालोचनात विअरला धावताना बघून पिसाळलेल्या जिराफाची उपमा दिली. ती इतकी चपखल बसली की आयुष्यभर चिकटली. विअरने ती आनंदाने मिरवली.

१९७० च्या ४ जुलैला एडिंबरामध्ये जन्म, पण रग्बीतला गोतावळा मेलरोझचा. स्कॉटलंडच्या दक्षिणेला, इंग्लंडच्या सीमेलगत टेकड्या, मेंढ्या आणि लोकरीच्या गिरण्यांचा एक पट्टा आहे, त्याला 'बॉर्डर्स' म्हणतात. हॉइक, गालाशील्स, केल्सो, जेडबरा, सेलकर्क, मेलरोझ अशी छोटी छोटी गावं, आणि प्रत्येकाला आपल्या रग्बी संघाचा पराकोटीचा अभिमान. स्कॉटलंडच्या इतर भागांत फुटबॉल लोकांचा आणि रग्बी खाजगी शाळांतल्या पोरांची. बॉर्डर्समध्ये मात्र शेतकरी, सुतार, गिरणी कामगार सगळे रग्बी खेळत. ऑलिम्पिकमध्ये खेळली जाणारी सात-सात खेळाडूंची रग्बी मेलरोझमध्येच जन्मली, १८८३ साली. क्लबच्या तिजोरीत खडखडाट होता म्हणून नेड हेग नावाच्या तिथल्या खाटकाने ही कल्पना काढली. पंधरा-पंधराचे संघ एका दिवसात किती खेळवणार, म्हणून सात-सात. गरजेतून निघालेला उपाय, पुढे ऑलिम्पिकला पोचला.

मेलरोझमध्ये विअरला प्रशिक्षक मिळाला जिम टेलफर. स्वतः जुने फॉरवर्ड, पेशाने शिक्षक, पुढे मुख्याध्यापक. स्कॉटलंडने १९८४ आणि १९९० साली पाच देशांच्या वार्षिक स्पर्धेत सगळ्यांना हरवलं, त्या दोन्ही वेळी ते पडद्यामागे होते. कडक म्हणून त्यांची ख्याती. स्कॉटलंडची लोकसंख्या मुंबईच्या निम्म्याहूनही कमी. मोठ्या देशांइतके दांडगे फॉरवर्ड तिथे मिळायचे नाहीत. मग टेलफरचं उत्तर असं की आपण दांडगे नसू तर आधी पोचू. झुंबडीपाशी समोरचा येण्याआधी आपले चार जण, वाकलेले, एकत्र, पायांनी चेंडू मागे सारत. हा सराव ते पोरांकडून इतक्यांदा करून घेत की ते शरीरात मुरायचं. विअर लहानपणापासून विनोदी, चेष्टेखोर; टेलफर तसे अजिबात नव्हेत. जमलं दोघांचं.

स्कॉटलंडच्या जर्सीत तो पहिल्यांदा उतरला १० नोव्हेंबर १९९० ला, एडिंबराच्या मरेफील्ड मैदानावर, अर्जेंटिनाविरुद्ध. त्याच वर्षी मार्चमध्ये, याच मैदानावर, स्कॉटलंडने इंग्लंडला १३-७ असं हरवून सगळे सामने जिंकले होते. म्हणजे गडी लग्न आटोपल्यावर मांडवात पोचला.

त्या मार्चमधल्या विजयाबरोबर स्कॉटलंडला एक करंडक मिळाला होता, त्याची गोष्ट आपल्याला सांगण्यासारखी आहे. इंग्लंड-स्कॉटलंड सामन्याच्या विजेत्याला 'कलकत्ता कप' मिळतो. १८७२ च्या नाताळात कलकत्त्यातल्या गोऱ्यांनी रग्बीचा सामना खेळला आणि पाठोपाठ क्लब काढला. थोडी वर्षं चालला. मग काही पलटणी दुसरीकडे गेल्या, लोक पोलो आणि टेनिसकडे वळले, आणि क्लबने फुकट दारू बंद केल्यावर सभासदांची गळती लागली. शेवटी क्लब मोडायचं ठरलं. बँकेतली शिल्लक काढली ती चांदीच्या रुपयांत. ते रुपये वितळवून करंडक घडवला आणि १८७८ साली इंग्लंडच्या रग्बी संघटनेला भेट दिला. कड्या म्हणून तीन नाग आणि झाकणावर हत्ती. आपल्याकडच्या चांदीच्या रुपयांचा हा करंडक गेली जवळपास दीडशे वर्षं इंग्रज आणि स्कॉट एकमेकांच्या हातून हिसकावतायत. १९८८ साली तर सामन्यानंतरच्या रात्री दोन्हीकडच्या एकेका फॉरवर्डने तो एडिंबराच्या रस्त्यांवर फुटबॉलसारखा खेळवून चेपवला होता. दोघांवरही बंदी आली, इंग्रजावर आठवड्याची आणि स्कॉटिश गड्यावर महिन्यांची.

आणि विअर? १९९० च्या मार्चनंतर स्कॉटलंडने हा करंडक पुन्हा जिंकला तो एप्रिल २००० मध्ये. विअरची आंतरराष्ट्रीय कारकीर्द जवळजवळ सगळी या दोन तारखांच्या मधल्या दुष्काळात गेली. १९९१ च्या विश्वचषकात मात्र फार जवळ आले होते. उपांत्य फेरी, पुन्हा मरेफील्ड, पुन्हा इंग्लंड. गॅव्हिन हेस्टिंग्जची खांबांसमोरची सोपी लाथ (चेंडू खांबांमधून उडवला की गुण मिळतात, ती) चुकली आणि स्कॉटलंड ९-६ ने हरला. त्या दिवशी दुसऱ्या फळीत विअर होता. संपूर्ण सामन्यात कोणाला ट्राय करता आला नाही, फॉरवर्डच फॉरवर्डांना अडवत राहिले. अशा सामन्याच्या आठवणीत लॉकचं नाव राहत नाही. चुकलेल्या लाथेचं राहतं.

त्याची दोन ट्राय लोकांना आठवतात ती १९९५ ची. दक्षिण आफ्रिकेतला विश्वचषक, प्रिटोरिया, उपांत्यपूर्व फेरी, समोर न्यूझीलंड. न्यूझीलंडला स्कॉटलंडने कधीच हरवलेलं नव्हतं. त्या संघात जोना लोमू होता, एकटा चार जणांना अंगावर घेऊन पळणारा. सामना ४८-३० ने गेला, आणि त्यात पराभूत बाजूने दोन ट्राय एका लॉकने केले. कारकिर्दीत चार, त्यातले दोन एकाच दुपारी, तेही न्यूझीलंडवर! ज्याचं काम चेंडू मिळवून दुसऱ्याला देणं, त्याने एकदा दिलाच नाही, इतकंच.

दोन-अडीच महिन्यांनी, ऑगस्ट १९९५ मध्ये, रग्बी बदलली. तोवर रग्बी युनियन हा नावापुरता का होईना हौशी खेळ होता. खेळण्याचे पैसे घेणं हा गुन्हा. ज्यांना पैसे हवेत त्यांनी उत्तर इंग्लंडमधल्या 'रग्बी लीग' या वेगळ्या, तेरा खेळाडूंच्या खेळात जायचं, आणि एकदा गेलात की परतीचं दार बंद. देशाकडून खेळणारे लोक सोमवारी शेतावर, बँकेत, शाळेत कामाला हजर. विअरनेही शेतीचं शिक्षण घेतलेलं. पॅरिसमध्ये आंतरराष्ट्रीय मंडळाने ही बंदी उठवली आणि एका रात्रीत प्रश्न बदलला. आता पैसे देणार कोण?

इंग्लंडमध्ये उत्तर तयार होतं. न्यूकॅसल युनायटेड या फुटबॉल क्लबचे मालक सर जॉन हॉल यांनी तिथला रग्बी क्लब घेतला, इंग्लंडचा खेळाडू रॉब अँड्रूला त्याचं काम सोपवलं आणि खरेदी सुरू केली. विअर आणि बॉर्डर्सचाच गॅरी आर्मस्ट्राँग तिकडे गेले. रग्बी लीगमध्ये गेलेला अ‍ॅलन टेट त्याच वाटेने परत युनियनमध्ये आला. दार उघडलं होतं. मेलरोझपासून न्यूकॅसल गाडीने दोन तासांच्या आत आहे, पण देश दुसरा.

स्कॉटलंडमध्ये मात्र गोंधळ उडाला. तिथल्या क्लबांचा जीव गावाएवढा. पगार कुठून देणार? संघटनेने जिल्ह्यांचे चार व्यावसायिक संघ काढले, दोन वर्षांत ते परवडेनात म्हणून दोनच ठेवले. २००२ मध्ये बॉर्डर्सचा तिसरा संघ काढला, तो २००७ मध्ये बंद केला. आजही स्कॉटलंडमध्ये पुरुषांचे पूर्ण व्यावसायिक संघ दोनच आहेत, एडिंबरा आणि ग्लासगो. ज्या पट्ट्याने एवढे फॉरवर्ड दिले तिथे एकही नाही. हे मला नेहमी खटकतं. गावाच्या जिवावर उभा राहिलेला खेळ पैशात आला आणि पैसा शहरातच थांबला. आपल्याकडेही असे खेळ आहेत, नावं सांगायची गरज नाही.

पैसा आल्यावर फॉरवर्डाच्या शरीराचं काय झालं? आठवड्यातले दोन संध्याकाळचे सराव गेले, पूर्ण वेळाची नोकरी आली. व्यायामशाळा, आहारतज्ज्ञ, वजन. १९९६ मध्ये डावपेच म्हणून खेळाडू बदलायला परवानगी मिळाली; त्याआधी दुखापत झाली तरच बदली. म्हणजे पूर्वी लॉकला ८० मिनिटं पुरवून खेळावं लागे, आता ५० मिनिटांत सगळं ओतून बाहेर यायचं आणि ताज्या दमाचा दुसरा दांडगा आत. टक्करी वाढल्या, आणि टक्करी देणारेही वजनाने वाढले. विअर या बदलाच्या बरोब्बर कडेवर उभा होता. अर्धं आयुष्य हौशी, अर्धं पगारी.

१९९७ त्याच्या आयुष्यातलं मोठं वर्ष ठरायचं होतं. 'लायन्स' म्हणजे इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंड यांचा मिळून निवडलेला संघ, चार वर्षांतून एकदा दक्षिण गोलार्धात जातो. एका देशात पुन्हा जायला बारा वर्षं लागतात, त्यामुळे खेळाडूला अशी संधी फार तर एकदा-दोनदा. त्या वर्षी दक्षिण आफ्रिकेचा दौरा, वर्णभेदाच्या काळानंतरचा पहिला. फॉरवर्डांचे प्रशिक्षक पुन्हा टेलफर. विअर निवडला गेला. मे महिन्याच्या शेवटी म्पुमलांगा संघाविरुद्धचा सामना लायन्सने ६४-१४ असा सहज जिंकला, पण त्यात एका विरोधी फॉरवर्डने विअरच्या गुडघ्यावर बाजूने लाथ घातली. चेंडूशी त्याचा काही संबंध नव्हता. गुडघ्याचे अस्थिबंध तुटले, दौरा तिथेच संपला. कसोटी मालिका लायन्सने २-१ ने जिंकली. तोवर विअर घरी परतलेला होता.

तो पुन्हा उभा राहिला. १९९७-९८ च्या मोसमात न्यूकॅसल फाल्कन्सने वरच्या गटात आल्या आल्या इंग्लंडची लीग जिंकली, सारासेन्सपेक्षा एका गुणाने पुढे राहून. त्याच संघात अठरा वर्षांचा जॉनी विल्किन्सन नवा आला होता, जो २००३ मध्ये इंग्लंडला विश्वचषक जिंकून देणार होता. आणि २००२ मध्ये बॉर्डर्सचा तो नवा, अल्पायुषी संघ निघाला तेव्हा विअर न्यूकॅसल सोडून घराकडे आला आणि तिथेच खेळून थांबला. नंतर नोकरी, बॉर्डर्समधलं शेत, बायको, तीन मुलं आणि समारंभांतून हशा पिकवणारी भाषणं. अंगात भडक चौकड्यांचे टार्टन सूट, जे सहा फूट सहा इंचांवर दुरूनही दिसायचे.

इथे गोष्ट संपायला हवी होती.

एकदा त्याचा हात दारात सापडला. हाताची पकड परत येईना. २०१६ च्या अखेरीस निदान झालं, मोटर न्यूरॉन डिसीज. जून २०१७ मध्ये त्याने ते जाहीर केलं, वय ४६.

हा आजार काय आहे हे थोडक्यात. हात हलवायचा हुकूम मेंदूतून निघतो, पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूतून उतरतो आणि स्नायूपर्यंत पोचतो. हा हुकूम नेणाऱ्या ज्या चेतापेशी, त्या या आजारात एकेक करून मरतात. स्नायू मुळात धड असतो, पण त्याच्यापर्यंत निरोपच येत नाही, आणि न वापरलेला स्नायू वाळत जातो. आधी पकड, मग चालणं, बोलणं, गिळणं, शेवटी श्वास. बहुतेकांची बुद्धी आणि स्पर्श शाबूत राहतात, म्हणजे सगळं कळत असतं. स्टीफन हॉकिंग यांना हाच आजार होता, पण ते अनेक दशकं जगले, तसे फार थोडे जगतात. निदानानंतर बहुतेकांच्या हाती काही वर्षंच असतात. रिलुझोल नावाचं औषध काही महिने वाढवून देतं. त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली डिसेंबर १९९५ मध्ये, रग्बी व्यावसायिक झाली त्याच वर्षी. रग्बी त्या वीस-बावीस वर्षांत ओळखू न येण्याइतकी बदलली. विअरच्या हातात मात्र २०१६ मध्ये पडलं ते तेच औषध. या गोष्टीचा त्याला संताप होता आणि तो त्याने लपवला नाही.

त्यातून त्याने संशोधनासाठी निधी उभा करणारी संस्था काढली. नाव 'माय नेम'५ डॉडी'. इंग्रजीत 'एस'च्या जागी त्याच्या जर्सीचा पाच, रोमन लिपीत दोन्ही सारखेच दिसतात. त्या नावाने लोकांनी सायकली चालवल्या, सामने भरवले, लाखो पाउंड उभे केले. २०१८ पासून स्कॉटलंड-वेल्स सामन्याच्या विजेत्याला त्याच्या नावाचा करंडक दिला जातो.

रग्बीमुळे हे झालं का? हा प्रश्न टाळून पुढे जाणं बरोबर नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये ग्लासगो विद्यापीठाच्या गटाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. स्कॉटलंडकडून खेळलेले ४१२ माजी पुरुष खेळाडू एकीकडे, त्याच वयाचे आणि तशाच वस्तीतले १,२३६ सामान्य पुरुष दुसरीकडे. मेंदू झिजवणारे आजार खेळाडूंमध्ये सुमारे ११ टक्के, इतरांमध्ये सुमारे ५. स्मृतिभ्रंशाचा धोका दुपटीहून थोडा जास्त, पार्किन्सन्सचा तिप्पट, आणि मोटर न्यूरॉनचा पंधरा पट. मथळ्यांत अर्थातच पंधरा आला. पण पट वाचताना खालचा आकडाही बघावा लागतो. हा आजार मुळात विरळ आहे, आयुष्यभरात साधारण तीनशेत एकाला होतो. आणि ४१२ जणांच्या अभ्यासात असे रुग्ण बोटांवर मोजण्याइतकेच असणार, त्यामुळे 'पंधरा'वर फार भार टाकता येत नाही. दिशा मात्र स्पष्ट आहे. आणखी दोन गोष्टी त्यात होत्या. हे खेळाडू सरासरीने इतरांपेक्षा थोडे जास्तच जगले. आणि फॉरवर्ड असो की बॅक, धोक्यात फरक आढळला नाही. मला उलट वाटलं होतं. इतकी वर्षं स्क्रममध्ये डोकं घालणाऱ्याला जास्त असेल असं.

एकट्या विअरच्या बाबतीत या अभ्यासावरून काही सिद्ध होत नाही. गटाचा धोका वेगळा आणि एका माणसाचं कारण वेगळं. न्यूझीलंडला १९९५ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात हरवणाऱ्या आफ्रिकी संघातला यूस्त फान देर वेस्थाउझेन याच आजाराने फेब्रुवारी २०१७ मध्ये गेला, आणि तो फॉरवर्ड नव्हता. एवढ्या दोन नावांवरून निष्कर्ष काढू नये हे डोक्याला कळतं.

१८ नोव्हेंबर २०१७ ला मरेफील्डवर न्यूझीलंडचा सामना होता. सुरुवातीला सामन्याचा चेंडू मैदानात आणायचा मान विअरला होता. टार्टन सूट घालून, तिन्ही मुलांना बरोबर घेऊन, तो बोगद्यातून चालत आला. सगळं स्टेडियम उभं राहिलं. स्कॉटलंड शेवटच्या क्षणापर्यंत झुंजला आणि २२-१७ ने हरला.

पाच वर्षांनी, १३ नोव्हेंबर २०२२ ला, पुन्हा तेच मैदान, पुन्हा न्यूझीलंड, पुन्हा विअर. या वेळी चाकाच्या खुर्चीत, मागे बायको आणि मुलं. दोन्ही संघ रांगेत थांबले होते. तो गेला त्यानंतर तेरा दिवसांनी, वय ५२. त्या दिवशीचा सामना स्कॉटलंड उत्तरार्धात २३-१४ असा पुढे होता. शेवट ३१-२३, न्यूझीलंड.